वर्गाबाहेरची विदुषी : पंडिता रमाबाई



रायपूरहून धमतरीच्या वाटेने निघाले की अभनपूर लागते. येथूनच राजीमकडे जाणारा रस्ता फुटतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या छत्तीसगडच्या भूमीत मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली, आणि आजही येथील काही घरांत मराठी बोलली व वाचली जाते. आपण अभनपुरात असा, मुंबईत असा, की बेळगावात; आपल्या परिचयाची एखादी माउली अशी असेल, जी शाळेची पायरी फारशी चढली नाही, पण जिचे पाठांतर, व्यवहारज्ञान आणि हातचे कसब पाहून शिकलेल्यांनीही थक्क व्हावे. तिच्या या ज्ञानाची नोंद कोणत्या पुस्तकात आहे? तिला कोणी काय शिकलीस असे विचारले, तर ती खाली मान घालून काहीच नाही असे सांगते.

शाळेबाहेर मिळवलेल्या विद्येला विद्यापीठाने मान द्यावा की नाही, हा प्रश्न आज नवा वाटतो. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या विद्वानांसमोर तो एका वीस वर्षांच्या तरुणीच्या रूपाने उभा राहिला होता. ती तरुणी म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या ख्रिस्तसेवेविषयी आपण पुष्कळदा ऐकले आहे. आज त्यांच्या विद्येची कथा आपण पाहू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे वेदशास्त्रसंपन्न विद्वान होते. तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी ते शिकत असता त्यांना एक नवल दिसले. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. एक स्त्री शुद्ध संस्कृत म्हणते हे ऐकून त्या विद्यार्थ्याने मनाशी ठरविले की आपणही आपल्या पत्नीस विद्या द्यावयाची. पुढे त्यांनी द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा आप्तांनी व समाजाने विरोध केला. उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांना आपल्या कृतीचे समर्थन शास्त्राधारे करावे लागले. ते त्यांनी केले. पण गावात राहून हे कार्य सुखाने होणार नाही हे ओळखून त्यांनी अरण्यात बिऱ्हाड थाटले. तेथे दूरदूरचे विद्यार्थी येऊन राहू लागले.

रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. बाळाला वेताच्या पेटाऱ्यात घालून हमालाच्या डोक्यावर देण्यात आले. त्या दिवसापासून या मुलीला स्थिर घर असे उरले नाही. देवळाच्या ओसरीवर पुराण सांगावे, श्रोते जे वाहतील त्यावर उदरनिर्वाह करावा आणि पुढच्या तीर्थाकडे चालू लागावे, असा क्रम होता. फळा नाही, बाक नाही, हजेरीपट नाही, अशी ही शाळा होती. वडील वृद्ध झाले होते, म्हणून मुलीला शिकविण्याचे काम आईने अंगावर घेतले. घरकामास लागण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात, लक्ष्मीबाई झोपेतल्या मुलीला उठवून जवळ घेत आणि संथा देत. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले होते. पुढे व्याकरण, कोश आणि काव्य यांची भर पडली. प्रांतोप्रांती फिरताना कानडी, हिंदी आणि पुढे बंगाली याही भाषा त्यांना अवगत झाल्या.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत टंचाई सुरू झाली. जवळचे द्रव्य दानधर्मात संपले होते. मजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. प्रथम वडील गेले, पाठोपाठ आई गेली, आणि पुढे थोरली बहीणही गेली. आईच्या प्रेताला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत, म्हणून सोळा वर्षांची रमा स्वतः चौथी वाहक झाली. उंची कमी पडली, तेव्हा तिने तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. वाचकहो, हा प्रसंग आपण मनात जपून ठेवावा, कारण पुढच्या सन्मानाचा अर्थ त्यावाचून कळणार नाही.

उरलेली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास, उपाशीतापाशी हजारो मैल चालत हिंदुस्थानभर फिरली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांच्या कानी या मुलीची कीर्ती गेली. कलकत्ता विद्यापीठाशी संबंध असलेल्या पंडितांनी व प्राध्यापकांनी तिची परीक्षा घेतली. प्रश्न संस्कृतात होते, उत्तरेही संस्कृतातच आली. ती कोणत्या शाळेत होती, कोणता दाखला घेऊन आली, हे तेथे महत्त्वाचे ठरले नाही; तिला काय येते एवढेच पाहण्यात आले. परीक्षकांचे समाधान झाले आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या अर्पण करण्यात आल्या.

या सन्मानाची थोरवी कळण्यास त्या काळाकडे पाहावे लागते. त्याच १८७८ साली कादंबिनी बसू या कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. त्या आणि आपल्या ख्रिस्ती भगिनी चंद्रमुखी बसू या विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या त्या १८८३ साली. मुंबई विद्यापीठाला कॉर्नेलिया सोराबजी यांच्या रूपाने पहिली स्त्री पदवीधर मिळण्यास १८८८ साल उजाडावे लागले. म्हणजे स्त्रियांसाठी वर्गाचे दार जेमतेम किलकिले होत होते, तेव्हा वर्गाबाहेर शिकलेल्या एका स्त्रीला विद्वत्सभेने आपल्या बरोबरीने बसविले.

तरीही एक गोष्ट मनाला लागून राहते. जी विद्या कलकत्त्यात पारखली गेली, ती लक्ष्मीबाईंनी दिलेली होती. तेच श्लोक, तेच व्याकरण त्या माउलीलाही येत होते. पण तिला कोणी सभेत बोलाविले नाही, कोणी पदवी दिली नाही. चार वर्षांपूर्वीच ती अन्नावाचून गेली होती. मुलीच्या नावामागे लागलेल्या 'पंडिता' या शब्दात आईचाही वाटा होता, मात्र तो कोठेही लिहिला गेला नाही. रमाबाईंच्या पुढील आयुष्याकडे पाहिले, तर हे ऋण त्या कधी विसरल्या नाहीत असे वाटते.

कलकत्त्यातच एका ख्रिस्ती मेळाव्यात या भावंडांना संस्कृत पवित्र शास्त्राची प्रत मिळाली होती. ती भाषा त्यांच्या परिचयाच्या ग्रंथांहून इतकी निराळी वाटली की या विदुषीलाही तिचा अर्थ लागेना. ही छोटी घटनाही लक्षात असू द्यावी.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. सिल्चर येथील घरी त्यांच्या हाती बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान आले आणि त्यांचे मन तिकडे ओढ घेऊ लागले. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची निकड मांडली.

१८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. परंतु कानांनी साथ दिली नाही. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा मार्ग बंद झाला. मग चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात डोरोथिया बील या प्राचार्यांच्या छत्राखाली त्या स्वतः इंग्रजी, गणित व शास्त्रे शिकू लागल्या आणि त्याच संस्थेत संस्कृत शिकवूही लागल्या. एकाच आवारात त्या विद्यार्थिनी होत्या आणि अध्यापिकाही. ज्याला जे येते त्याने ते द्यावे, जे येत नाही ते घ्यावे, इतका हा साधा व्यवहार होता.

येथे एक कटू प्रसंगही सांगितला पाहिजे. हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्या तरुण इंग्रज पुरुषांना रमाबाईंनी शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली. हिंदी स्त्रीने पुरुषांना शिकविणे त्यांना अनुचित वाटले. पुरुषांच्या भर सभांतून पुराणे सांगितलेल्या, व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना याचे वाईट वाटले व तसे त्यांनी स्पष्ट कळविलेही. कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी जिच्यापुढे मान लवविली, तिला आपल्याच मंडळीत अडसर आढळला. हे आपण ख्रिस्ती वाचकांनी टाळून पुढे जाऊ नये.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. लहान मूल पुस्तकाआधी हाताने, डोळ्याने आणि खेळाने शिकते, हे तत्त्व त्यांना मनोमन पटले. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचे पुस्तक तेथे खूप वाचले गेले, मदतीसाठी बोस्टन येथे मंडळ स्थापन झाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. पुढे हीच धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली, आणि कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले.

यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्याने मध्य प्रांतास ग्रासले. आपले रायपूर तेव्हा त्याच प्रांतातील एक जिल्हा होते. दुष्काळात आईबाप गमावलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसवेना. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून अनाथ मुली व विधवा यांना पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे घेऊन आल्या. मुक्ती सदन भरले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो जणी आल्या.

या मुलींना अक्षरओळख नव्हती. पण रमाबाईंनी त्यांना अडाणी मानले नाही. कोणाला शेतीची माहिती होती, कोणाला दळणकांडण, कोणाला गुरे राखणे ठाऊक होते. केडगावात अक्षरे शिकविली गेली, तशीच विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दुग्धव्यवसाय, शेती आणि छापखाना हीही शिकविली गेली. अंध मुलींसाठीही शिक्षणाची सोय होती. जी आज शिकली, ती उद्या दुसरीला शिकवीत असे. लक्ष्मीबाईंची पहाटेची संथा जणू शेकडो मुलींपर्यंत पोहोचली.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर केले. ज्यांच्या संस्कृत पांडित्याचा डंका वाजला, त्यांनी या कामात संस्कृतप्रचुर भाषा बुद्ध्या टाळली. खेड्यातील कमी शिकलेल्या बाईला वाचता यावे, हा त्यांचा हेतू होता. न समजणारी संस्कृत प्रत हाती पडलेली ती तरुणी येथे आठवते. मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी खिळे जुळविले. १९२१ साली मनोरमा देवाघरी गेली. भाषांतराचे काम हातावेगळे झाल्यावर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनीही देह ठेवला. हे पवित्र शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले.

वाचकहो, आज दारे पुष्कळ उघडली आहेत. १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभे राहिले. शालान्त दाखला नसलेल्यांना पदवीच्या वाटेवर आणणारा पूर्वतयारीचा शिक्षणक्रम त्याने अनेक वर्षे चालविला. छत्तीसगडातही २००५ साली बिलासपूर येथे पंडित सुंदरलाल शर्मा मुक्त विद्यापीठ निघाले. २०२१ पासून निरनिराळ्या ठिकाणी मिळविलेले श्रेयांक एकत्र जमा करण्यासाठी श्रेयांक पेढीची योजना आली आहे. वय झाले, संसार आड आला, शाळा सुटली म्हणून विद्येचा मार्ग कायमचा बंद झाला असे आता समजण्याचे कारण नाही.

परंतु सगळी मोजणी विद्यापीठांवर सोपवून आपण मोकळे होऊ नये. परीक्षक होण्याची पाळी आपल्यावर रोज येते. मंडळीत कोणाला बोलू द्यावे, घरात कोणाचा सल्ला घ्यावा, सुनेला पुढे शिकू द्यावे की नाही, हे आपणच ठरवितो. त्या वेळी दाखला मागण्यापूर्वी कलकत्त्याच्या त्या पंडितांप्रमाणे आपणही आधी पाहावे, की या माणसाला काय येते? अभनपूरच्या किंवा आपल्या गावच्या त्या माउलीला आज संध्याकाळी जवळ बसवून एकदा विचारा, तिला काय काय येते. ती काहीच नाही म्हणाली, तर पुन्हा विचारा. कदाचित तिचे नाव मुक्त विद्यापीठात घालता येईल. कदाचित तिला केवळ कोणी विचारले, एवढेच तिला पुरे होईल. लक्ष्मीबाईंना तेवढेही मिळाले नव्हते.