स्वयंपाकघरातली पावलं मोजणाऱ्या लिलियन गिलब्रेथ

स्ट्रॉबेरी शॉर्टकेक हा अमेरिकेतला उन्हाळी गोडाचा पदार्थ. खुसखुशीत केक, त्यात साखरेत मुरवलेल्या स्ट्रॉबेरी आणि वर फेटलेलं क्रीम. 1930 च्या सुमारास हा साधा पदार्थ दोन स्वयंपाकघरांत करून पाहिला गेला. पहिलं स्वयंपाकघर नेहमीचं होतं; जिथे जागा मिळाली तिथे शेगडी, जिथे भिंत रिकामी तिथे कपाट. दुसऱ्यात सामान आणि भांडी तीच होती, फक्त कोणती वस्तू कोणाशेजारी ठेवायची हे विचार करून ठरवलं होतं. पहिल्या खोलीत केक तयार होईपर्यंत 281 पावलं चालावी लागली, दुसऱ्या खोलीत 45. हातांनी करायच्या क्रियाही 97 वरून 64 वर आल्या.

ही मांडणी डॉ. लिलियन गिलब्रेथ यांची होती. आज मॉड्युलर किचनच्या दुकानात गेलं की विक्रेता शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्या त्रिकोणाबद्दल सांगतो. त्या त्रिकोणामागचा विचार ज्या मोजक्या लोकांनी मांडला, त्यांत गिलब्रेथ यांचं नाव फार वरचं आहे. पण त्या मुळात गृहसजावटकार नव्हत्या. त्यांचा विषय होता थकवा.

लिलियन मोलर यांचा जन्म 24 मे 1878 रोजी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला झाला. घर सधन होतं आणि भावंडं पुष्कळ. लहानपणी त्या इतक्या बुजऱ्या होत्या की नऊ वर्षांच्या होईपर्यंत त्यांचं शिक्षण घरीच झालं. मुलींनी कॉलेजात जाण्याची गरज वडिलांना वाटत नव्हती. लिलियन यांनी त्यांची समजूत काढली, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात इंग्रजी साहित्य घेतलं आणि 1900 साली पदवी मिळवली. त्या वर्षीच्या पदवीदान समारंभात त्या बोलल्या. तिथे भाषण करणाऱ्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. 1902 मध्ये एम. ए. झालं. पुढच्या वर्षी युरोपच्या सहलीला निघताना वाटेत बॉस्टनमध्ये त्यांची फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी ओळख झाली. 1904 मध्ये दोघांचं लग्न झालं.

फ्रँक बांधकाम कंत्राटदार होते आणि त्यांनी सुरुवात गवंडीकामापासून केली होती. एक वीट बसवताना गवंडी 18 हालचाली करतो आणि त्यातल्या बऱ्याच निरर्थक असतात, हे त्यांच्या लक्षात आलं. विटा पायाशी पडलेल्या असत. प्रत्येक विटेसाठी माणूस वाकून आपल्या अंगाचं सगळं वजन खाली नेई आणि पुन्हा वर उचली. फ्रँक यांनी भिंतीबरोबर उंच होत जाणारी परात तयार केली आणि विटा कमरेच्या उंचीवर आणून ठेवल्या. हालचाली पाचाच्या आसपास आल्या. विटा तेवढ्याच, भिंत तीच, पण संध्याकाळी पाठ मोडून यायची ती थांबली. लिलियन यांच्या पुढच्या कामाचं मूळ या परातीत आहे.

लग्नानंतर दोघं मिळून हालचालींचा अभ्यास करू लागले. फिल्मचा कॅमेरा लावून कामगारांची हालचाल टिपायची, मग एकेक चौकट पाहत तिचे तुकडे करायचे: शोधणं, पकडणं, नेणं, सोडणं. अशा मूलभूत क्रियांना त्यांनी थर्ब्लिग असं नाव दिलं. ते गिलब्रेथ हे आडनाव जवळपास उलटं लिहून केलेलं आहे. ऑपरेशन थिएटरसुद्धा या कॅमेऱ्यातून सुटलं नाही. शल्यविशारदाचा बराच वेळ हत्यार शोधण्यात जातो, तेव्हा मागताक्षणी योग्य हत्यार हातात देणारी परिचारिका शेजारी हवी, असा फ्रँक यांचा आग्रह होता. आज ही गोष्ट इतकी सवयीची झाली आहे की ती कोणाला तरी सुचावी लागली होती याचंच नवल वाटतं.

त्या काळी कारखान्यांत फ्रेडरिक टेलर यांच्या स्टॉपवॉचचं राज्य होतं. किती सेकंदांत काम झालं एवढंच ते घड्याळ सांगे. लिलियन यांनी त्यात माणसाचं मन आणि शरीर आणलं. कामगाराला कंटाळा कशाने येतो, विश्रांती केव्हा द्यावी, खुर्ची कशी असावी, हे प्रश्न त्यांना सेकंदांइतकेच महत्त्वाचे वाटत. व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरचा त्यांचा प्रबंध बर्कलीने निवासाच्या अटीवर बोट ठेवून नाकारला. 1914 मध्ये तो पुस्तकरूपाने आला तेव्हा लेखिकेचं नाव फक्त एल. एम. गिलब्रेथ असं छापलं गेलं, कारण लेखक बाई आहे हे कळू नये. 1915 मध्ये ब्राउन विद्यापीठाने त्यांना दुसऱ्या प्रबंधावर पीएच. डी. दिली. 1916 मध्ये दोघांचं थकव्यावरचं पुस्तक आलं. त्याआधीच प्रॉव्हिडन्स शहरात त्यांनी थकवा कमी करणाऱ्या साधनांचं एक लहानसं संग्रहालय उघडलं होतं, आणि त्यात मुख्यतः खुर्च्या होत्या.

हे सगळं चालू असताना घरात मुलं होत होती. एकूण तेरा बाळंतपणं. एक मूल मृत जन्माला आलं आणि मेरी ही मुलगी 1912 मध्ये पाचव्या वर्षी घटसर्पाने गेली. पुढे या घरावर जे विनोदी पुस्तक आणि चित्रपट निघाले त्यांत डझनभर मुलांची पलटण एकत्र दिसते. प्रत्यक्षात बारा मुलं एका वेळी त्या घरात कधीच नव्हती.

14 जून 1924 रोजी फ्रँक रेल्वे स्टेशनवरून घरी फोन करत होते. बोलता बोलता हृदयविकाराच्या झटक्याने ते कोसळले. वय 55. लिलियन 46 वर्षांच्या होत्या. थोरली मुलगी अठरा वर्षांची, धाकटी दोनेक वर्षांची. काही दिवसांतच त्या ठरलेल्या बोटीने युरोपला गेल्या आणि लंडन व प्राग इथल्या परिषदांत नवऱ्याच्या जागी उभ्या राहिल्या. अमेरिकेत परतल्यावर खरी अडचण सुरू झाली. ज्या कंपन्या गिलब्रेथ दांपत्याचा सल्ला घेत होत्या, त्यांनी एकेक करून करार थांबवले. वीस वर्षं बरोबरीने काम केलेल्या पीएच. डी. झालेल्या बाईवर कारखाना सोपवायला मालक तयार नव्हते. अकरा मुलांचं शिक्षण व्हायचं होतं.

कारखान्याचं दार बंद होतं, पण बाईच्या कामावर बाईने बोलायला कोणाची हरकत नव्हती. लिलियन यांनी ते हेरलं. स्वयंपाक हा त्यांचा आवडीचा प्रांत कधीच नव्हता. त्या स्वतः फारशा स्वयंपाकघरात जात नसत, ते काम नोकरमाणसं पाहत. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर गावातलं त्यांच्या घरचं स्वयंपाकघरही जुन्या वळणाचं आणि गैरसोयीचं होतं. म्हणजे पोटापाण्यासाठी निवडलेला हा विषय. पण तो त्यांनी पूर्ण शास्त्राने हाताळला. आपल्याला ठाऊक नाही ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारायचं, ही त्यांची रीत होती. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीसाठी सॅनिटरी नॅपकिनचा अभ्यास करताना त्यांनी हजाराहून जास्त स्त्रियांकडून माहिती गोळा केली आणि बाजारातले नॅपकिन गैरसोयीचे, नको तितके मोठे आणि जाड आहेत असं 1927 च्या सुरुवातीला स्पष्ट कळवलं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी शेगडी आणि सिंकची योग्य उंची शोधताना त्या चार हजारांहून अधिक स्त्रियांशी बोलल्या.

स्वयंपाकघराचा शास्त्रीय विचार त्यांच्या आधीही झाला होता. कॅथरीन बीचर यांनी 1869 मध्ये आटोपशीर स्वयंपाकघराचा आराखडा छापला होता. क्रिस्टीन फ्रेडरिक 1912 पासून मासिकातून लिहीत होत्या. जर्मनीत 1926 मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की यांनी फ्रँकफर्ट किचन आखलं. ते सुमारे दहा हजार घरांत बसवलं गेलं. पण तिथे कपाटं भिंतीला जोडलेली होती. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत तेव्हा चार पायांची टेबलं, सुटी शेगडी, सुटी कपाटं असत. पीठ, साखर, चाळणी, लाटणं सगळं पोटात घेणारं हूझियर नावाचं उभं कपाट लाखो घरांत गेलं होतं. घर भाड्याचं असेल तर सोडताना ते बरोबर नेता येई. गिलब्रेथ यांच्या दृष्टीने हे सुटेपण सोयीचं होतं, कारण फर्निचर हलवता येत असेल तर चूकही दुरुस्त करता येते.

1929 मध्ये ब्रुकलिन बरो गॅस कंपनीसाठी त्यांनी किचन प्रॅक्टिकल या नावाचं नमुन्याचं स्वयंपाकघर तयार केलं. या कंपनीच्या अध्यक्षपदावर मेरी डिलन ही स्त्री होती, हीदेखील त्या काळातली विरळा गोष्ट. न्यूयॉर्कमधल्या स्त्रियांच्या प्रदर्शनात ते मांडलं गेलं. त्याची रचना ऐकायला अगदी साधी वाटते. शेगडी आणि कामाचा ओटा शेजारी शेजारी. लागणारं धान्य-पीठ ओट्याच्या वरच्या कपाटात, पातेली खाली. फ्रिज एका पावलावर. आणि या सगळ्यांत मोलाचं होतं ते चाकांचं टेबल. त्याची उंची ओट्याइतकीच ठेवलेली होती. पीठ मळताना ते शेजारी ओढायचं, म्हणजे ओटा वाढतो. जेवणं झाली की त्यावर उष्टी भांडी रचून एका खेपेत सिंकपाशी न्यायची. काम गोल फिरत पुढे जावं, मागे वळावं लागू नये, हे सूत्र. पुढे 1940 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधनातून शेगडी-सिंक-फ्रिजचा त्रिकोण पक्का झाला, त्याचं बीज या गोल फिरण्यात होतं. खोलीच्या एका बाजूला टेलिफोन आणि हिशेबाच्या कागदांसह एक छोटं लिहिण्याचं टेबलही होतं. घर चालवणं हे व्यवस्थापकाचं काम आहे आणि व्यवस्थापकाला टेबल लागतं, असं गिलब्रेथ मानत.

उंचीबद्दल त्या फार काटेकोर होत्या. ओटा बुटका असेल तर धड पुढे झुकतं आणि डोक्यासकट वरच्या अर्ध्या अंगाचा भार कमरेचे स्नायू तासन्‌तास पेलत राहतात. ओटा उंच असेल तर खांदे वर उचललेले राहतात आणि मान भरून येते. साधारणपणे कोपरापेक्षा थोडी खाली पातळी सोयीची पडते. पण कणीक मळायची तर वरून जोर द्यावा लागतो, म्हणून ती पातळी आणखी खाली हवी. सिंकमध्ये हात कडेवर नव्हे तर तळाशी काम करतात, म्हणून सिंकची कड वर हवी. म्हणजे एकाच बाईला दोन-तीन उंची लागतात आणि शेजारणीच्या उंची आणखी वेगळ्या. यावर गिलब्रेथ यांचा उपाय होता माप घेण्याचा: जी रोज उभी राहणार तिच्या अंगाचं माप, मग फर्निचर.

कारखानदारांना हे परवडणारं नव्हतं. कपाटं साच्यातून निघू लागली, एकमेकांना चिकटली, वरून सलग फरशी आली आणि अमेरिकेत ओट्याची उंची 36 इंचांवर स्थिर झाली. त्रिकोण सगळ्यांनी उचलला, अंगाचं माप मात्र मागे राहिलं. सव्वापाच फुटांच्या आणि पावणेसहा फुटांच्या माणसाला तोच ओटा मिळू लागला. चाकांचं टेबलही हळूहळू शोभेची वस्तू झालं.

गिलब्रेथ यांचं स्वयंपाकघर जिथे खऱ्या अर्थाने गरजेचं ठरलं ती जागा मात्र वेगळी होती. पहिल्या महायुद्धानंतर हातपाय गमावलेल्या सैनिकांना कामावर परत आणण्यासाठी फ्रँक आणि लिलियन दोघांनी अभ्यास केला होता. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1920 मध्ये आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिलियन पुन्हा त्या विषयाकडे वळल्या. 1940 च्या दशकात हृदयरोग झालेल्या गृहिणींसाठी हार्ट किचन आखलं गेलं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. या बायकांना डॉक्टर विश्रांती घ्यायला सांगत आणि घरी गेल्यावर जेवण करणारं दुसरं कोणी नसे. हार्ट किचनमध्ये बसून काम करता येईल अशी पातळी होती. रोजच्या वस्तू न वाकता, हात न ताणता हाताशी येत. जड पातेलं उचलायच्या ऐवजी एका पातळीवरून सरकवत न्यायचं. निरोगी माणसाची दोनशे पावलं वाचली तर त्याला जेमतेम दोनेक मिनिटं मिळतात. दुबळ्या हृदयाच्या बाईला मात्र त्यामुळे आपलं घर पुन्हा आपल्या हातात घेता येत होतं. पुढे 1950 च्या दशकात कनेटिकट विद्यापीठात अपंग गृहिणींसाठी झालेल्या कामातही त्या सल्लागार होत्या.

ज्या उद्योगविश्वाने 1924 मध्ये पाठ फिरवली होती, त्याने यथावकाश दार उघडलं. 1935 मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. तिथल्या अभियांत्रिकी शाखेतल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. 1948 मध्ये तिथून निवृत्त झाल्या. त्याच वर्षी दोन मुलांनी लिहिलेलं घरच्या गमतीजमतींचं पुस्तक गाजलं आणि शास्त्रज्ञ म्हणून न झालेली ओळख त्यांना पुष्कळ मुलांची आई म्हणून मिळाली. 1965 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पायाने झाकण उघडणारी कचरापेटी आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेयही त्यांना दिलं जातं. अकराही मुलं शिकून मार्गी लागली.

ऐंशी ओलांडल्यावरही त्या व्याख्यानांसाठी फिरत होत्या. 2 जानेवारी 1972 रोजी ॲरिझोनातल्या फिनिक्स इथे वयाच्या 93 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. 1984 मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्या चित्राचं 40 सेंटचं तिकीट काढलं.