मुदत नसलेला करार

मराठी बायबलच्या दोन भागांना ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ म्हणतात. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हा शब्द सहज ओलांडता येत नाही. करार म्हटला की दोन पक्ष आले, मुदत आली, अटी आल्या आणि अट मोडल्यास करारभंगही आला. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मात्र असा की, या करारातील एक पक्ष, म्हणजे माणूस, वारंवार चुकतो. तरी दुसरा आपला शब्द मागे घेत नाही. यालाच देवाचा विश्वासूपणा म्हणतात. शेकडो मुखी रोज अन्न घालायचे असते तेव्हा ही कल्पना कितपत तग धरते, हे पाहण्यास पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

१८५८ मध्ये पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या या मुलीने भूक पुस्तकात वाचलेली नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवल्यामुळे स्वजनांच्या रोषास पात्र झालेले; पुढे सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. दुष्काळ पडला तेव्हा दक्षिणा आटली. उपासना आणि दानधर्म यथासांग चालू असतानाही अन्न मिळेना. अकरा दिवस पाणी आणि झाडपाला यांवर काढल्यावर वृद्ध पित्याने जलसमाधीचा विचार केला होता. मुलगा श्रीनिवास याने मजुरी करण्याचे ठरवून त्यांना परावृत्त केले. तरीही १८७४ मध्ये वडील आणि पाठोपाठ आई गेली. थोरली बहीणही फार काळ राहिली नाही. उरलेली दोघे भावंडे पायी भारत पालथा घालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला; १८८२ मध्ये, विवाहाला दोन वर्षेही झालेली नसताना, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. कडेवर मनोरमा उरली. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो ही सारी थडगी मागे ठेवून. म्हणूनच त्यांच्या श्रद्धेला भाबडी म्हणणे मला पटत नाही.

रमाबाईंचा पहिला मोठा व्यवहार माणसांशीच होता. १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. वर्षाला एक डॉलर, तोही दहा वर्षे, देणाऱ्या सभासदांच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय बालविधवांचे शिक्षण हा हेतू, आणि धर्मप्रचार करू नये ही अट. बाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे जाऊन बसत, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

असोसिएशनची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. बाईंनी त्याची तजवीज एखाद्या दक्ष खजिनदाराप्रमाणे आधीच केली: केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली, फळबाग लावली, तिच्या उत्पन्नावर सदन चालावे असा हिशेब मांडला. हिशेब बिनचूक होता. पण झाडांना फळे धरण्याआधीच १८९६ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतात जाऊन बाईंनी सुमारे ३०० मुली आणल्या. या मुली असोसिएशनच्या उद्देशात बसत नव्हत्या. त्यांच्यासाठी कोणाचाही डॉलर बांधील नव्हता. ब्रिस्टलच्या अनाथाश्रमाचे संस्थापक जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र बाईंनी वाचले होते. माणसांकडे याचना न करता केवळ प्रार्थनेवर आश्रम चालवण्याचा म्यूलरांचा बाणा त्यांनी आता स्वीकारला. १९०० च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, मुक्तिसदनातील संख्या २,००० च्या घरात गेली होती. कोणत्याही अर्थसंकल्पाला असा विस्तार मंजूर करता आला नसता. मात्र ‘देव देईल’ म्हणून बाई हात जोडून बसल्या नाहीत. विहिरी खोदल्या, शेती केली, माग घातले, छापखाना चालवला. अंध मुलींसाठी मनोरमेने ब्रेल लिपी आत्मसात केली. देव शब्दाला जागतो म्हणून आपणही जागले पाहिजे, एवढाच या श्रद्धेचा त्यांनी लावलेला अर्थ दिसतो.

अन्नाच्या ताटात धर्म वाढला जातो, हा आक्षेप त्या काळी घेतला गेला. तो पोकळ नव्हता. भुकेल्याची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. परंतु बाईंनी त्या मुलींना उचलले नसते तर त्यांतील कितीजणी तो प्रश्न विचारण्यापुरत्या तरी जगल्या असत्या, हेही आक्षेपकांनी स्वतःला विचारायला हवे होते.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. चाळीस वर्षांची मुलगी, संस्थेची नियोजित वारस. या वेळी बाई हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून, खेड्यातील बायांना कळेल अशा मराठीत, संपूर्ण बायबलचे भाषांतर करीत होत्या. मुलीच्या मृत्यूनंतरही ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. त्या ग्रंथाचे खिळे मुक्तीतील स्त्रियांनीच जुळवले. १९२४ मध्ये तो केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.