पहाटेचा पाठ : पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून एक बोध



हिंगोली जिल्ह्यातील खेडोपाडीच्या मंडळ्यांना भेटी देत असता एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणारा मनुष्य दिवस उगवण्यापूर्वी भाकरी बांधून निघतो, कारण पाठीशी मुकादम असतो. परंतु तोच मनुष्य स्वतःच्या दोन एकरांत हळद लावतो, घरात शिवणयंत्र मांडतो किंवा चार शेळ्या घेऊन आपला आपण धनी होतो, तेव्हा दिवस कोठे गेला हे त्यालाच सांगता येत नाही. सकाळ पारावर जाते, दुपार आडवे होण्यात जाते, आणि दिवेलागणीला गिऱ्हाइकाचे कापड जसेच्या तसे घडीत पडलेले असते. उपदेशक बंधूंची स्थिती ह्याहून फारशी निराळी नाही. पाळक महिन्यातून एखादे वेळी येणार. मधल्या दिवसांत शास्त्र किती वाचले आणि किती घरी गेलो हे पाहावयास तेथे कोणी नसतो. आम्ही स्वतःलाही ह्यातून वगळीत नाही.

ह्यात केवळ आळस आहे असे आम्हांस वाटत नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे गावकीच्या कामास बांधलेले होते. हाक येईल तेव्हा त्यांना उठावे लागे आणि पाटील सोडील तेव्हा घरी जावे लागे. आपला दिवस आपल्या हाती असणे ही आपल्या घराण्यांत नवी गोष्ट आहे, आणि तो कसा वापरावा हे शिकविणारा वडील माणूस पुष्कळ घरांत नव्हता. म्हणून आज आम्ही एका अशा भगिनीचे चरित्र सांगणार आहो, की जिला आयुष्यात बहुधा कोणी मुकादम नव्हता, तरी जिचा दिवस वाया गेला नाही. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशी त्या काळची समजूत असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या शिकविली. अरण्यातील त्यांच्या घरी विद्यार्थी व यात्रेकरू येत, त्यांच्या पाहुणचारात पैसा संपला आणि कर्ज झाले. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असता ते कुटुंब घर सोडून निघाले. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटीत निजवून डोंगराखाली आणले. त्यानंतर तीर्थोतीर्थी फिरावे, देवळात किंवा घाटावर पुराण वाचावे, आणि ऐकणारे जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम झाला.

वाचकहो, ह्या कुटुंबाची स्थिती ध्यानात आणा. पगार नाही, धनी नाही, शाळा नाही, राहण्याचे एक गाव नाही. अशा भटकंतीत मुलांची विद्या बुडावी हेच साहजिक होते. पण ती बुडाली नाही, आणि त्याचे श्रेय त्या आईस आहे. वडील वृद्ध झाले होते, म्हणून आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत लक्ष्मीबाईंनीच मुलीस शिकविले. दिवसभर स्वयंपाक, पाणी व प्रवास ह्यांतून त्यांना सवड नसे. म्हणून कामाची धांदल सुरू होण्यापूर्वी, पाखरे जागी होण्याच्या सुमारास, त्या लेकीस मायेने उठवीत आणि अंधारातच पाठ म्हणवून घेत. पुस्तकाची गरज नव्हती, कारण पाठ तोंडी होता. आज काशीजवळ, उद्या दक्षिणेत, पण पहाटेचा पाठ ठरलेला. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीस मुखोद्गत झाले.

येथे आम्हांस पहिली गोष्ट दिसते. लक्ष्मीबाईंनी दिवसभर वेळ शोधीत बसण्याऐवजी, ज्या घटकेवर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता ती एक घटका धरली आणि सोडली नाही. आपला प्रभूही उजाडण्यापूर्वी उठून एकांती प्रार्थनेस जात असे, कारण दिवस उगवल्यावर लोकसमुदाय त्यास सोडीत नसे.

पुढे मोठी आपत्ती आली. १८७४ पासूनच्या दुष्काळाच्या वर्षांत वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक मरण पावली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास हे पायी हिंडत, कधी रानातील बोरांवर दिवस काढीत, १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली व त्यांस पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. अंधारात म्हटलेला पाठ असा उजेडात आला. पण सुख फार दिवस टिकले नाही. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी नामक वकिलाशी त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ च्या आरंभी तेही पटकीने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आतच पदरी मनोरमा ही तान्ही कन्या घेऊन बाई जगात एकट्या राहिल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासास पैसा उभा केला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत हिंडून त्यांनी हिंदी विधवांच्या दुःखाकडे लोकांचे लक्ष वेधले. बोस्टन येथील मित्रमंडळाने दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. ते पुढील वर्षी पुण्यास नेण्यात आले.

दहा वर्षांचे वचन हातात असता बाई निश्चिंत बसल्या नाहीत. मुदत १८९८ साली संपणार हे त्यांच्या ध्यानात होते. म्हणून त्यांनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे जमीन घेतली आणि फळझाडे लावविली. मदत संपेल त्या सुमारास झाडे फळास यावी असा त्यांचा विचार होता. ही दुसरी गोष्ट. स्वतःच्या जबाबदारीवर काम करणाऱ्याने आजच्या दिवसातील थोडा भाग दूरच्या दिवसासाठी वेगळा काढावा लागतो. आजचे सगळे आजच खाणाऱ्याला उद्या पुन्हा मुकादमाच्या दारी जावे लागते.

परंतु झाडे वाढण्यापूर्वीच १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत आहेत हे ऐकून बाई हातची कामे ठेवून तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या उघड्या रानात, तंबूंत व झाडांखाली ठेवावे लागले. हेच मुक्ती मिशनचे बीज. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या जवळजवळ १९०० झाली.

येथे आम्हांस थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्रम बांधणारी माणसे कधी कधी क्रमाचीच पूजा करू लागतात. दारात दुःखी मनुष्य उभा असता आपली वेळ झाली म्हणून त्यास परत पाठवितात. रमाबाईंनी तसे केले नाही. जिने स्वतः दुष्काळात आईबाप गमावले, तिला भुकेल्याच्या हाकेपुढे वेळापत्रक मोठे वाटले नाही. पण हाक ऐकून आल्यावर त्यांनी पुन्हा क्रम बसविला, आणि तोही शेकडो मुलींसह. मुक्तीत प्रार्थना, शाळा व उद्योग ह्यांस आपापले स्थान होते. कोणी मागावर, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी स्वयंपाकघरात, कोणी शिवणावर, कोणी गाईगुरांकडे, कोणी मळ्यात, तर कोणी छापखान्यात. अंध मुलींनाही बोटांनी वाचावयास व हाताने काम करावयास शिकविले जाई. उपाशी व भ्यालेल्या मुलीस अन्नानंतर जे सर्वात हवे होते, ते म्हणजे उद्या सकाळी आपण काय करणार हे ठाऊक असणे, असे आम्हांस वाटते.

मुक्तीचे काम कोणत्याही एका मिशनच्या नेमलेल्या पगारावर चालत नव्हते. महिन्याच्या अखेरीस बाईंकडून हिशेब मागणारा वरिष्ठ तेथे नव्हता. त्या आपणास प्रभूपुढे उत्तर देणाऱ्या समजत, आणि ते उत्तर रोजचे होते.

आता त्यांच्या शेवटच्या व सर्वात दीर्घ कामाकडे येऊ. खेड्यातील स्त्रीला कळेल अशा सोप्या मराठीत शास्त्र नाही, ही टोचणी त्यांना होती. वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला, आणि १९०५ च्या सुमारास पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. ऐकू कमी येऊ लागले होते, प्रकृती थकली होती, आणि शेकडो मुलींचा संसार डोक्यावर होता. वाचकहो, आम्ही सहज एक हिशेब करून पाहिला. शास्त्रातील वचने एकतीस हजारांवर आहेत. रविवार वगळून कोणी रोज सहा वचने केली, तर सतरा वर्षांत सर्व शास्त्र पुरे होते. बाईंनी असेच मोजून केले असे आमचे म्हणणे नाही, परंतु एवढ्या मोठ्या कामाचा रोजचा वाटा किती लहान असतो हे ह्यावरून कळते. सहा वचने कोणालाही जड नाहीत. सतरा वर्षे न सोडणे हे जड आहे.

१९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या आणि कामातील उजवा हात मनोरमाबाई वारल्या. म्हाताऱ्या आईने येथे लेखणी ठेविली असती, तर कोणी दोष दिला नसता. पण बाई पुन्हा आपल्या पानांकडे वळल्या. छापखान्यात मुक्तीच्या स्त्रियाच खिळे जुळवीत होत्या, आणि बाई मुद्रिते तपाशीत होत्या. ते काम संपते न संपते तोच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. ते पवित्र शास्त्र १९२४ साली छापून पुरे झाले.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रातून आम्ही तीन गोष्टी आपल्या मंडळ्यांपुढे ठेवितो. पहिली, पहाटेची एक घटका धरा, आणि ती प्रार्थनेस व शास्त्रास द्या. ती कोणाची चाकरी नाही, म्हणून ती कोणी हिरावून घेणार नाही. दुसरी, उद्याचे काम आज निजण्यापूर्वी ठरवा, आणि ते लहान असू द्या. शिंप्याने दोन सदरे, शेतकऱ्याने अमुक सऱ्यांची खुरपणी, उपदेशकाने तीन घरे व एक अध्याय. ठरविलेले घरच्या माणसास सांगून ठेवावे, म्हणजे संध्याकाळी विचारणारे कोणी असेल. तिसरी, दुखणे, मयत, लग्न किंवा पाहुणा ह्यांमुळे क्रम मोडला, तर मोडला म्हणून सोडू नका. दुसऱ्या पहाटे जेथे राहिले तेथूनच धरा. रमाबाईंचा क्रम दुष्काळाने, प्लेगने व मृत्यूने कितीदा तरी मोडला, आणि प्रत्येक वेळी त्यांनी तो पुन्हा जोडला.

लक्ष्मीबाईंना आपल्या पहाटेच्या पाठाचे फळ पाहावयास मिळाले नाही. मुलीस पदव्या मिळण्यापूर्वीच, दुष्काळाच्या वाटेवर, त्या गेल्या. तरीही त्या अंधारातल्या पाठाचे फळ मराठी मंडळ्यांना सोप्या भाषेतील शास्त्राच्या रूपाने मिळाले. आपल्याही घरी उद्या पहाटे कोणी लेकरू निजलेले असेल. त्यास मायेने उठवावे, आणि प्रभूने दिलेल्या नव्या दिवसाचा आरंभ त्याच्यासह करावा. ह्यास प्रभू आपणा सर्वांस साहाय्य करो.