गार देशाची लेक, घामाच्या गावी

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी कोणातरी थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाण्याची यादी आणि माहेरची पत्रे यांपलीकडे हातात लेखणी धरलेली नाही. परंतु भगिनी निवेदितांविषयी लिहायचे असेल तर लिहीन, असे मी शेवटी कबूल केले. असे का, ते पुढे येईलच.

माझे माहेर ग्वाल्हेरचे, लष्करातले. तेथे पौष-माघात कडाक्याची थंडी. रजई, शेगडी आणि बाजरीची भाकरी यांवर वाढलेली मी लग्नानंतर मुंबईकडे आले आणि येथल्या दमट हवेने अगदी रडकुंडीस आले. तसा उन्हाळा ग्वाल्हेरलाही भाजून काढणारा, पण तो कोरडा. येथे मिठाला पाणी सुटते, पापड सर्दावतात, रव्यात अळ्या होतात, आणि न्हाऊन बाहेर यावे तोच अंग पुन्हा चिकट होते. घामोळ्यांनी पहिले दोन उन्हाळे मी रात्र रात्र बसून काढले. वीस वर्षे झाली तरी हवेच्या नावाने माझी कुरकुर काही थांबली नव्हती.

गेल्या चैत्रात मंडळाने ठरवले की, घरकाम करणाऱ्या बायांना दुपारी दोन ते चार या वेळात लिहावाचायला शिकवावे. त्यांना मोकळी वेळ तेवढीच. मला विचारले, तेव्हा मी म्हटले, एवढ्या उकाड्यात दुपारचे मला जमायचे नाही, पाऊस लागला की पाहू. आमच्या ग्रंथपालबाई यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी मंडळाच्या कपाटातून एक जुने चरित्र काढून माझ्या हाती ठेवले. ते वाचून जे मनात राहिले, ते येथे लिहिते.

मार्गारेट नोबल यांचा जन्म 28 ऑक्टोबर 1867 रोजी आयर्लंडमधील डनगॅनन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलगी दहा वर्षांची असतानाच ते वारले. पुढे ती इंग्लंडात हॅलिफॅक्स येथे शिकली आणि सतराव्या वर्षी शिक्षिका झाली. नंतर लंडनजवळ विंबल्डन येथे त्यांनी स्वतःची शाळा काढली. लहान मुलांना खेळातून, हातांनी काही करण्यातून शिकवावे, असे त्यांचे मत होते. लंडनच्या शहाण्यासुरत्या लोकांत त्यांना मान होता. 1895 च्या नोव्हेंबरात त्यांनी स्वामी विवेकानंदांचे बोलणे प्रथम ऐकले. ऐकले आणि लगेच पटले, असे झाले नाही. त्या शंका विचारीत राहिल्या आणि मगच मानू लागल्या.

हिंदुस्थानात येऊन मुलींसाठी काम करायचे त्यांच्या मनात आले, तेव्हा स्वामींनी त्यांना गोड गोड सांगून बोलावले नाही. पत्र लिहून सगळ्या अडचणी आधीच कळवल्या. येथला उकाडा भयंकर, तुमचा उन्हाळा तो आमचा हिवाळा, शहराबाहेर तुमच्याकडल्या सोयींचे नाव नाही, आमचे लोक तुम्हाला शिवायचे नाहीत आणि तुमचे लोक तुम्हाला वेड्यात काढतील, अशा अर्थाचे ते पत्र. मुलीला सासरची माहिती अशी खरी खरी कोण देतो? धुक्याच्या आणि शेकोटीच्या त्या लंडन शहरातून, सगळे ठाऊक असून, त्या निघाल्या आणि 28 जानेवारी 1898 रोजी कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरल्या.

त्याच वर्षी 17 मार्चला त्यांची श्रीशारदादेवींशी भेट झाली. त्या काळची सोवळ्यातली ब्राह्मण विधवा, पण या परदेशी मुलीला लेक म्हणून जवळ घेतले आणि तिच्यासह खाल्लेही. बाकीच्या बायकांना घराचे दार उघडायला यामुळेच धीर आला. 25 मार्चला दीक्षा होऊन मार्गारेटची निवेदिता झाली.

पहिला उन्हाळा त्यांचा स्वामींबरोबर अलमोडा आणि काश्मीर येथे हिमालयात गेला. खरी परीक्षा परतल्यावर होती. गोऱ्या लोकांची वस्ती मोकळी, मोठ्या बंगल्यांची. ती सोडून त्या बागबाजारातील बोसपाडा गल्लीत राहिल्या. शारदादेवींच्या घरी काही दिवस काढल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, आपल्या राहण्यामुळे त्या घराला भाऊबंदांकडून त्रास होईल. मग जवळच 16 नंबरचे घर घेतले आणि तेथे 13 नोव्हेंबर 1898 रोजी मुलींची शाळा सुरू झाली. पूजा शारदादेवींनी केली.

घर जुने, खोल्या लहान. विजेचा पंखा नाही, हातपंखा काय तो. शारदादेवींना हे दिसत होते. उन्हाळा तापू लागला तेव्हा त्यांनी आज्ञाच केली की, झोपायला आमच्याकडे यायचे. तेथे निवेदितांना निराळी खोली नव्हती. गुळगुळीत लाल फरशीवर ओळीने चटया, उश्या आणि मच्छरदाण्या, आणि घरातल्या सगळ्या बायकांत त्याही एक. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसले. सासरी आलेल्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाईंनीही मला खाटेवरून उठवून आपल्याजवळ फरशीवर ओल्या पंचावर झोपवले होते. परमुलखातल्या हवेशी जमवून घ्यायला औषध असते ते असे कोणीतरी जवळ घेण्याचे. मी ते विसरून गेले होते आणि घामोळी तेवढी लक्षात ठेवली होती.

कलकत्त्यातला त्यांचा पहिला पुरा उन्हाळा 1899 चा, आणि तोच प्लेगचा. 31 मार्चला रामकृष्ण मिशनचे मदतकार्य सुरू झाले, त्याचा कारभार निवेदितांकडे होता. गल्ली घाण राहिली म्हणून त्यांनी स्वतः झाडू हातात घेतला, तेव्हा बघणारी तरुण मुले शरमली आणि कामाला लागली. डॉ. राधागोविंद कर यांनी पुढे एक आठवण सांगितली. चैत्रातल्या दुपारी ते रोगी पाहून घरी आले, तो या बाई दाराशी वाट पाहत बसलेल्या. सकाळी पाहिलेल्या एका प्लेगच्या मुलाची चौकशी करायला त्या आल्या होत्या. जपून राहा, असे डॉक्टरांनी बजावले. दुपारनंतर ते त्या वस्तीत गेले, तर ओल्या, कोंदट झोपडीत ते आईवेगळे पोर मांडीवर घेऊन निवेदिता बसलेल्या. झोपडी स्वच्छ करायची तर शिडी लावून चुनाही त्यांनीच दिला. पोर जगले नाही. त्यांच्याच मांडीवर गेले.

शाळेला पैसा नव्हता. त्याच जूनमध्ये त्या पैसे उभे करायला परदेशी गेल्या. म्हणजे गार हवेत परत जायची वाट उघडी होती, आणि कारणही चांगले होते. तरी 1902 च्या आरंभी त्या परत त्याच गल्लीत आल्या. त्याच वर्षी 4 जुलैला स्वामी गेले. ज्यांच्यासाठी यावे तेच राहिले नाहीत, तरीही त्या गेल्या नाहीत. त्या वर्षी त्यांनी मुंबई, नागपूर, बडोदे येथेही व्याख्याने दिली. 1903 पासून शाळेत विवाहित बायका आणि विधवा यांचाही वर्ग भरू लागला. तो सिस्टर क्रिस्टीन यांनी सांभाळला. लिहिणे, वाचणे, शिवण असे तेथे चाले. रवींद्रनाथांनी आपल्या मुलीला इंग्रजी शिकवण्याविषयी विचारले तर त्यांनी नकार दिला. बाहेरचे वळण मुलीवर लादू नये, हा त्यांचा बाणा. जगदीशचंद्र बसू यांच्या ग्रंथलेखनालाही त्यांनी मोठा हात लावला.

मात्र या हवेने त्यांना सोडले नाही, हेही सांगितले पाहिजे. 1905 साली जिवावरचे दुखणे झाले. 1906 साली पूर्व बंगालात पूर आणि दुष्काळ, तेव्हा होडीतून, चिखलातून गावोगाव हिंडल्या आणि हिवताप घेऊन परतल्या. शरीर खचत गेले ते गेलेच. 13 ऑक्टोबर 1911 रोजी दार्जिलिंगच्या थंड हवेत, चव्वेचाळीस पुरी व्हायच्या आधी, त्यांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी आपले जे काही होते ते या देशातील मुलींच्या शिक्षणासाठी लिहून ठेवले. त्यांची शाळा आजही चालू आहे.

मी आज त्यांच्याच वयाची आहे. माझ्या डोक्यावर विजेचा पंखा आहे आणि घर सोडून मी सातासमुद्रापार आलेले नाही. मैत्रिणींनो, पुस्तक परत करायला गेले त्या दिवशीच मी वर्गासाठी नाव दिले. वैशाखात पहिल्या दिवशी तीन बाया आल्या, दुसऱ्या दिवशी एकच. तिला सही करायला शिकायचे होते, कारण रेशनच्या दुकानात अंगठा लावताना मागची माणसे हसतात. पदराने घाम पुसत आम्ही दोघींनी पाटीवर तिचे नाव काढले. पाऊस लागेपर्यंत सातजणी झाल्या.

मी निवेदिता नव्हे, आणि दुपारी वीज गेली की अजूनही कुरकुरते. परंतु आता कुरकुरत का होईना, दोन वाजता मंडळाचे कुलूप मीच उघडते. ज्यांना दुपारी तासभर मोकळा असेल त्यांनी जरूर यावे. पाट्या पुरेशा आहेत, शिकवणाऱ्या कमी पडतात.