राणी लक्ष्मीबाई : मान्यतेचा प्रश्न

झाशीच्या मानिक चौक परिसरातील राणी महाल हे संस्थान खालसा झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंचे निवासस्थान होते. पती गंगाधरराव नेवाळकर यांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी दामोदररावांना दत्तक घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. १८१७ च्या तहाने वंशपरंपरागत हक्क मान्य करणाऱ्या कंपनी सरकारने हा दत्तक नाकारला व १८५४ मध्ये झाशी खालसा केली. जून १८५७ मध्ये झाशीत उठाव होताच राणींनी जबलपूरला कमिशनर अर्स्किन यांना पत्रे धाडली. सरकारच्या वतीने कारभार पाहावा, असे त्यांनी २ जुलै रोजी कळविले. गरजेपोटी दिलेली ही मान्यता टिकली नाही. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांनी झाशीला वेढा घातला. जूनमध्ये ग्वाल्हेरनजीक राणींना वीरमरण आले. संस्थानिकांचा दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा इंग्रज सरकारने १८६२ मध्ये दिल्या.