परमुलखात आपला झालेला माणूस : जेरी सिंप्सन

स्मरणिकेत आपल्या प्रांतातील थोर पुरुषांची चरित्रे यावीत, हे रास्तच होय. तथापि या वेळी आम्ही वाचकांस सातासमुद्रापलीकडील एका शेतकऱ्याची ओळख करून देत आहोत. पोटासाठी मुलूख सोडून जेथे गेला तेथल्याच मातीचा झालेला हा माणूस आपणांस परका वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

जेरी सिंप्सन यांचा जन्म ३१ मार्च १८४२ रोजी, आज कॅनडात असलेल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात झाला. त्यांच्या बालपणीच कुटुंब अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात आले. शिक्षण बेताचेच झाले. चौदाव्या वर्षी ते उत्तरेकडील महासरोवरांवरील जहाजांवर कामास लागले आणि पुढे कप्तानपदापर्यंत चढले. मधल्या काळात यादवी युद्धात ते सैन्यात दाखल झाले होते. परंतु आजारपणामुळे त्यांना लवकरच परतावे लागले.

१८७८ मध्ये शेती करण्याच्या इच्छेने ते कॅन्सस राज्यात आले. तेथे नियतीने त्यांची कठोर परीक्षा पाहिली. लाकडाच्या गिरणीतील अपघातात त्यांची लहान मुलगी दगावली. ते ठिकाण सोडून ते दक्षिणेस मेडिसिन लॉज या गावाजवळ गेले व त्यांनी गुरे पाळली; तर १८८६ च्या सुमारास हिमवादळाने ती गुरेही नेली. अखेर गावाच्या मार्शलची, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याची, नोकरी पत्करून त्यांनी संसार चालविला.

हे दुःख त्यांच्या एकट्याचे नव्हते. कॅन्ससची शेते सावकारी कंपन्यांकडे गहाण पडली होती, पावसाने ओढ दिली होती आणि रेल्वे कंपन्या मनमानी भाडे आकारीत होत्या. मक्याचा भाव इतका घसरला की कित्येकांनी तो सरपण म्हणून चुलीत घातला. गव्हाचीही हीच गत होती. सुएझ कालवा झाल्यापासून हिंदुस्थानचा गहूही इंग्लंडच्या बाजारात त्याच्याशी स्पर्धा करू लागला होता. रिपब्लिकन व डेमोक्रॅट हे दोन्ही प्रस्थापित पक्ष आपले ऐकत नाहीत, अशी शेतकऱ्यांची खात्री झाली आणि १८९० मध्ये कॅन्ससमध्ये तिसरा पक्ष उभा राहिला. तो ‘पीपल्स पार्टी’, अर्थात लोकपक्ष.

सिंप्सन यापूर्वी राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीत दोनदा पडले होते. लोकपक्षाने त्यांना थेट अमेरिकन काँग्रेससाठी उभे केले. प्रतिस्पर्धी रिपब्लिकन कर्नल हॅलोवेल मोठ्या थाटाचे गृहस्थ. त्यांच्या रेशमी मोज्यांची सिंप्सन यांनी भरसभेत थट्टा केली. तेव्हा विरोधी वृत्तपत्रांनी सिंप्सन यांच्या पायांत मोजेच नसतात, अशी हेटाळणी केली. दुसरा कोणी संतापला असता. सिंप्सन यांनी मात्र ते टोपणनाव भूषणासारखे मिरविले. बिनमोज्यांचा जेरी म्हणजे आपल्यातलाच, असे शेतकऱ्यांस वाटले आणि ते निवडून आले. त्या वर्षी कॅन्ससच्या सातपैकी पाच जागा या नव्या पक्षाने जिंकल्या.

वॉशिंग्टनमध्ये गेलेला हा शेतकरी अडाणी मुळीच नव्हता. अर्थशास्त्रज्ञ हेन्री जॉर्ज यांच्या ग्रंथांचा त्यांनी अभ्यास केला होता आणि कराचा भार जमिनीच्या मूल्यावर पडावा, या मताचे ते होते. १८९२ मध्ये ओमाहा येथील अधिवेशनात लोकपक्षाने चढता प्राप्तिकर, रेल्वेची सरकारी मालकी, पोस्टातील बचतपेढ्या, सिनेटरांची थेट निवडणूक व चांदीच्या नाण्यांची मुक्त पाडणी या मागण्या मांडल्या. चांदीच्या प्रश्नाचा धागा तर आपल्या मुंबईपर्यंत पोहोचतो. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी चांदीच्या मुक्त पाडणीस बंद केल्या, चांदीचे भाव कोसळले आणि कॅन्ससच्या शेतकऱ्याच्या आशेवरही पाणी पडले.

सिंप्सन १८९२ मध्ये पुन्हा निवडून आले, १८९४ मध्ये पडले, १८९६ मध्ये पुन्हा जिंकले आणि १८९८ मध्ये पुन्हा हरले. डेमोक्रॅटांशी हातमिळवणी करावी, हे त्यांचे धोरण होते. त्यामुळे जागा मिळाल्या हे खरे. पण मोठ्या पक्षाच्या सावलीत लहान पक्षाचे स्वत्व हळूहळू विरून गेले, हेही तितकेच खरे. या दोषाची जबाबदारी त्यांच्यावर काही अंशी येतेच, असे आम्हांस वाटते.

पुढे ते न्यू मेक्सिकोत जाऊन राहिले. २३ ऑक्टोबर १९०५ रोजी कॅन्ससमधील विचिटा येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात १९१० मध्ये पोस्टातील बचतपेढ्यांचा कायदा झाला. १९१३ मध्ये प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी अमेरिकेच्या राज्यघटनेत आल्या. ज्या मागण्यांची टिंगल झाली होती, त्यांतील काही अशा रीतीने देशाचा कायदा बनल्या. पेरणाऱ्यास मात्र ते पीक पाहावयास मिळाले नाही.

परमुलखातून आलेल्या या माणसास कॅन्ससने आपले मानले, ते तेथील लोकांचे दुःख त्याने आपले मानले म्हणून. आणि तरीही आपले वेगळेपण किती राखावे व इतरांत किती मिसळावे, हे कोडे त्यालाही पुरते सुटले नाही. पन्नास वर्षे परप्रांतात मराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या आपल्या मंडळासही हे कोडे नवे नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी म्हणूनच आम्ही बिनमोज्यांच्या जेरीचे आदरपूर्वक स्मरण करतो.