शाब्दिक उदाहरणांचे आचार्य

ढोकी : अमुक टन उसाचे अमुक रुपये, तर तमुक टनाचे किती? तेरणा साखर कारखान्यामुळे परिचित झालेल्या या गावाला हा हिशेब नवा नाही. जुने पंतोजी त्याला त्रैराशिक म्हणत. ही रीत मुलांच्या हाती रंजक उदाहरणांतून देणारे भास्कराचार्य मात्र पाठ्यपुस्तकात दोन ओळींपुरतेच उरले आहेत.

शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ हे आपले जन्मवर्ष त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड हे त्यांचे गाव. ते नेमके कोणते, यावर विद्वानांत एकमत नाही; विजापूर, बीड आणि चाळीसगाव परिसर असे दावे झाले. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. त्याचा पहिला भाग ‘लीलावती’.

ग्रंथाचा प्रारंभ कवड्या, वजने व मापे यांच्या कोष्टकांनी होतो. मग सूत्र आणि लगेच उदाहरण. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर आणि या दोहोंतील फरकाची तिप्पट कुड्यावर. एक भुंगा हवेतच घुटमळत राहिला, तर एकूण भुंगे किती? रीत सोपी आहे. थवा ३० चा धरा. सहा, दहा आणि फरक चार, त्याची तिप्पट बारा, बेरीज २८. उरले दोन. प्रत्यक्षात उरला एकच, म्हणून उत्तर ३० च्या निम्मे, १५. सोयीचा आकडा धरून चालण्याच्या या रीतीला इष्टकर्म म्हणतात.

लीलावती ही त्यांची कन्या आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्यामुळे तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून पसरली. आचार्यांच्या ग्रंथात ती नाही. कथा लक्षात राहिली, गणित विसरले, हे खटकते.

११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होते. नातू चांगदेव सिंघण यादवाचे ज्योतिषी झाले. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापला. तेथील १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. लेख संस्कृतात आहे. पण बाजारात येणाऱ्या मालातून मठाला काय मिळावे, हा अखेरचा मजकूर मराठीत कोरलेला आहे.